भूखंड चारमधली मेंढरं

झाडं ओरडतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं, तर घरच्यांनी आधी त्याचा ताप मोजला असता.

प्रकार तसा साधा आहे. झाडाच्या खोडात केसाहून बारीक नळ्या असतात. पान वरून पाणी ओढतं, मूळ खालून पुरवतं आणि मध्ये पाण्याचा अखंड धागा ताणलेला असतो. जमीन कोरडी पडली की हा धागा आणखी आणखी ताणला जातो आणि शेवटी तुटतो. तुटला की नळीत बुडबुडा शिरतो आणि त्या क्षणी एक बारीक ‘टक’ होतं. ते आपल्या कानांना ऐकू येत नाही. ते पकडून आपल्याला ऐकू येईल अशा सुरात उतरवणारी एक चिमटी असते. देठाला अडकवली की कानातल्यासारखी लोंबते, म्हणून आमच्याकडे सगळे तिला ‘डूल’ म्हणतात.

मी तनुजा पुकळे. माण तालुक्यातल्या बोडकेमाळ कोरडवाहू संशोधन केंद्रात डूल लावून झाडांची रडगाणी ऐकायची, हे माझं अकरा वर्षांचं काम. तिसऱ्या कोरड्या वर्षी तर मला हेडफोन काढून फेकावेसे वाटायचे. बाजरी लाह्या फुटल्यासारखी तडतडायची. तूर कण्हायची. बाभळीसारखी निबर बाईसुद्धा दुपारी दोनला कुरकुर करायची.

गेल्या डिसेंबरात केंद्राच्या कुंपणाबाहेर, निव्वळ कंटाळा आला म्हणून, मी एक डूल पिवळ्या धोत्र्याला अडकवला. तीन महिने त्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. तरी हेडफोनमध्ये काहीच नाही. डूल बिघडला म्हणून बदलला. दुसराही गप्प. तिसरा लावला, तोही गप्प. मी त्या मुरमाड बांधावर मांडी घालून बसले आणि अर्धा तास ती शांतता ऐकली. अंगावर काटा आला होता आणि पायात धोत्र्याचा काटा मोडला होता, पण त्याची आठवण मला संध्याकाळी झाली.

पिवळा धोत्रा तुम्ही पाहिलेला असतो. काटेरी पानांवर पांढऱ्या रेघा, वर लिंबासारखं पिवळं फूल, आणि देठ मोडला की हळदीच्या रंगाचं दूध. नावात धोत्रा असला तरी धोत्र्याशी त्याचं नातं नाही. हा खसखशीच्या घराण्यातला. अफूचा गुण मात्र अंगात नाही. बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांचं तेल खाण्यात गेलं तर अंग सुजतं, जीवही जातो. त्यामुळे या झाडाची गावात इज्जत शून्य.

अपवाद एकच, माझी बायडाआत्या. वडिलांची थोरली बहीण, कायम माहेरीच राहिलेली, वय पंच्याहत्तर, सत्तर मेंढरांची मालकीण. मेंढराचा खूर चिरला की हेच दूध लावायची, खरुजेला हेच. बियांना मात्र आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही. आणि बाजरी वीतभर झाली की बादलीभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून ते पाणी मुळाशी ओतायची. कशाला, तर वाळवी लागू नये म्हणून. तिची बाजरी गावात शेवटपर्यंत उभी राहायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, बायडाआत्याचा हात हिरवा आहे!

जानेवारीत मी तिच्याकडून दुधाची एक लहान बाटली मागून आणली. बाजरीच्या चाळीस रोपांना ते पिवळं पाणी पाजलं, पाणी तोडलं, डूल लावले आणि ऐकत बसले. पहिला दिवस. तिसरा. सहावा. शेजारची साधी रोपं तडतडून मान टाकत होती आणि माझी चाळीस रोपं ढिम्म. दुधात एक प्रथिन सापडलं. धागा तुटायला आला की ते नळीच्या भिंतीला चिकटून फट बुजवत होतं. सायकलच्या ट्यूबमध्ये भरतात ना, पंक्चर आपोआप बुजवणारं, तसंच. मी प्रयोगशाळेत एकटीनं नाचले. लाज कसली वाटायची आहे त्यात?

लाज वाटावी असं काम मी त्यानंतर केलं. अहवालात एक रकाना असतो, ‘नमुन्याचा स्रोत’. आमचे केंद्रप्रमुख हसबनीस सर माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाले, “इथे काय, आत्याची बाटली असं लिहिणार आहात का? आपल्या भूखंड चारमध्ये हीच वनस्पती आहे ना? मग तेच लिहा.” बियांच्या विषाचा अभ्यास करायला त्यांनी काचघरात पिवळ्या धोत्र्याचा एक वाफा लावला होता, तो हा भूखंड चार. झाड तेच आहे, काय फरक पडतो, असं मीही मनाला समजावलं आणि लिहिलं: भूखंड क्रमांक चार.

फरक पडत होता.

बाटली संपल्यावर मी भूखंड चारमधलं दूध काढलं. त्या पाण्यावर बाजरी पाचव्या दिवशी तडतडायला लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एप्रिल उजाडला तेव्हा तिसरी खेप फसली होती. बाहेरचं झाड आणावं म्हटलं तर तालुक्यात झाडच उरलं नव्हतं. तेलाच्या भेसळीच्या भीतीनं फेब्रुवारीत तण काढणारी यंत्रं सोडली होती आणि त्या सहापायी खेकड्यांनी माळावरचा पिवळा धोत्रा मुळासकट साफ केला होता.

मूल्यमापन समिती येणार होती एकवीस एप्रिलला. ती हो म्हणाली तर येत्या जूनमध्ये चाळीस गावांच्या बाजरीला हे पाणी मिळणार होतं. नाही म्हणाली तर पुढचं वर्ष. आणि चौथं कोरडं वर्ष काढायची ताकद त्यातल्या एकाही गावात उरलेली नव्हती. बारा तारखेला सकाळी मी मुकाट्यानं स्कूटर काढली आणि आत्याचा कळप कुठे आहे ते विचारत निघाले.

ती तळ्याच्या कोरड्या पोटात मेंढरं घेऊन बसली होती. मला पाहून उठली नाही. एरवी उठते.

“आलीस व्हय? ये. काचंच्या घरातनं वाट बरी घावली.”

म्हणजे बातमी पोचली होती. हसबनीस सरांनी जिल्ह्याच्या वाहिनीवर मुलाखत दिली होती आणि भूखंड चारपुढे उभं राहून फोटो काढून घेतला होता.

“आत्या, चुकलं माझं. तुझं नाव लिहायला पाहिजे होतं.”

“नावाचं काय लोणचं घालू? माझी बाटली तुझ्या काचंच्या झाडाची झाली कशी, येवढंच मला कळंना.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “शेजारणी इचारत्यात. म्या म्हनलं, आसंल, शिकलेल्यांची दुधं येगळी असत्यात.”

माझे डोळे भरून आले. तिच्यासमोर लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं. तीन वेळा फसल्याचं, समितीचं, एकवीस तारखेचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“तुडीवलं हुतं का?”

“काय?”

“झाड गं. मेंढरांनी तुडीवल्याबिगर दूध घ्यायचं न्हाई. आन तुडीवल्यावर तीन उनं जाऊ द्यायची. बाटली देताना सांगितलं की तुला. ल्हानपनापास्नं सांगतीय.”

सांगितलं होतं. शंभर वेळा सांगितलं होतं. आणि मी ते देवाला फूल वाहण्यातलं काहीतरी समजून कानाआड केलं होतं.

छातीत इतकं धडधडत होतं की डूल लावला असता तर फुटला असता. झाडाला जखम झाली की ते नुसतं रडत बसत नाही. पानातून एक रासायनिक निरोप सुटतो, ‘हल्ला झाला, पुन्हा होईल’, आणि सगळं झाड तयारीला लागतं. दूध घट्ट होतं, त्यात नवी प्रथिनं भरली जातात. या तयारीला वेळ लागतो. तीन दिवस! आणि आमच्या भूखंड चारमध्ये काय होतं? ठिबक, खत, सावलीची जाळी, प्रत्येक झाडापुढे क्रमांकाची पाटी. लाडावलेली झाडं ती. त्यांना कशाची भीतीच नव्हती, तर ती कशाला कशाची तयारी करतील? कुंपणाबाहेरचं ते गप्प झाड मात्र कळपांच्या वाटेवरचं होतं.

“आत्या, मी बुटांनी तुडवते आजच!”

“बुटांनी काय हुतंय? मेंढरू तुडीवतंय आन जाता जाता शेंडा बी चावतंय. कडू लागलं की थुकतंय. ती थुकी लागाया पायजे.”

लाळ! चावणाऱ्या जनावराच्या लाळेची चव झाडांना कळते, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. आत्या हे न शिकता जगत होती, आणि मी शिकून विसरले होते. मी तिला मिठी मारली. तिच्या घोंगडीला मेंढरांचा वास येत होता.

“चल, कळप घेऊन. उद्या सकाळी केंद्रावर.”

“आगं, तिथं पाटी हाय, जनावरास्नी बंदी म्हनून.”

“पाटीचं मी बघते.”

पाटीचं बघणं म्हणजे हसबनीस सरांचं बघणं. माझं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा आधी पिवळा आणि मग लाल झाला. “मेंढरं? भूखंड चारमध्ये? त्या प्रत्येक झाडाला क्रमांक आहे, पुकळेबाई!”

“सर, तो अहवाल चुकीचा आहे. स्रोत मी खोटा लिहिला.”

“तो आपण दोघांनी लिहिला,” ते हळूच म्हणाले, आणि मला त्या क्षणी त्यांची थोडी कीव आली. “समितीला कळलं तर तुम्हाला कामावरून काढतील. मलाही काढतील. एवीतेवी यंदाचा प्रयोग फसला म्हणून सांगू. लोक फसलेला प्रयोग माफ करतात.”

खरं सांगते, मोह झाला. अकरा वर्षांची नोकरी होती. फसला म्हणायचं आणि पुढच्या वर्षी गुपचूप मेंढरं घालून नव्यानं शोध लावायचा. कुणाला कळलं असतं? आत्या तर कुणाला सांगायलाही गेली नसती. पण डोळ्यांपुढे जूनमधली बाजरी येत होती आणि कानात ते तडतडणं. मी त्यांच्यासमोरच समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. दूध बायडाबाई पुकळे यांच्याकडचं, पद्धत त्यांची, स्रोत मी खोटा नोंदवला. पाठवून दिलं आणि मग एकदम हलकं वाटलं.

“फाटक उद्या सहाला उघडेन,” मी म्हटलं. “अडवायचं असेल तर आधी उठायला लागेल.”

दुसऱ्या दिवशी सहाला हसबनीस सर खरंच फाटकाशी उभे होते. मला वाटलं, झालं! पण आत्या सत्तर मेंढरं घेऊन समोर आली आणि कळपाचा म्होरक्या मेंढा सरांची सुती पँट हुंगायला लागला. त्या मेंढ्याला आत्या ‘कलेक्टर’ म्हणते, कारण तो कुणाचं ऐकत नाही.

“सायेब, जरा बाजूला हुता का? कलेक्टरला आत जायाचंय.”

सर बाजूला झाले.

काचघराच्या त्या चकचकीत दारातून कलेक्टर आत शिरला आणि मागून सगळा लोंढा. पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पाट्या आडव्या झाल्या. ठिबकच्या नळ्या खुरांत गुंतल्या. क्रमांक सतराचा शेंडा कलेक्टरनं तोडला, चावला, तोंड वेंगाडलं आणि थुंकला. “शाब्बास!” मी ओरडले. काचघरात धूळ, लेंड्या, बें बें आणि सगळीकडे पिवळे थेंब. सर कपाळाला हात लावून प्रत्येक पडलेल्या पाटीचा क्रमांक पुटपुटत होते. आत्या मधोमध काठी टेकून उभी होती आणि मध्येच एखाद्या झाडाकडे बोट दाखवून म्हणायची, “त्ये ऱ्हायलं. त्याला बी घ्या.”

मग सुरू झालं मोजणं. दर तीन तासांनी एक थेंब. तेरा तारखेला त्या प्रथिनाचं नावनिशाण नाही. चौदाला किंचित. पंधराला पडद्यावरची रेघ जरा वर आली.

“आत्या, आजच काढू का? एक दिवस वाचेल.”

“तीन उनं म्हनलं की तीन. दोन न्हवं.”

सोळाच्या सकाळी रेघ पडद्याबाहेर जाईल अशी उभी चढली. मी किंचाळले. हसबनीस सर धावत आले, पडद्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग माझ्या हातातली सुई घेऊन स्वतःच दूध काढायला बसले. काट्यांनी हात भरले तरी उठले नाहीत.

त्याच दुपारी वीतभर वाढलेल्या बाजरीच्या दोन रांगा मांडल्या, उथळ तसराळ्यांत. डावीला साधं पाणी, उजवीला पिवळं. आणि मग दोन्हींचं पाणी बंद. एकवीसपर्यंत आणखी काही करण्यासारखं नव्हतं. मी नखं खाल्ली.

समितीच्या अध्यक्ष डॉ. निलोफर इनामदार करड्या बाई म्हणून प्रसिद्ध. सोबत दोन सदस्य होते. त्यांनी खुर्च्या उन्हातच, रांगांपुढे टाकायला सांगितल्या. आत्याही आली होती, नवं लुगडं नेसून. तिला खुर्ची दिली तर ती तसराळ्यांशेजारी जमिनीवर बसली.

मी आकडेवारीची फाईल पुढे केली. इनामदार मॅडमनी ती उघडलीसुद्धा नाही.

“तुमचं पत्र वाचलं. एकदा खोटं लिहिणाऱ्याची फाईल मी वाचत नाही, डॉ. पुकळे. या कामावर तुमचं नाव पहिलं राहणार नाही. दोन वर्षं तुम्ही कुठलाही प्रकल्प चालवणार नाही. मान्य?”

“मान्य.”

“मग ऐकवा. बारा मिनिटं. आमच्या डोळ्यांदेखत, आमच्या डुलांवर.”

त्यांनी स्वतःच्या पेटीतले डूल काढून रोपांना लावले आणि उजव्या रांगेचा स्पीकर सुरू केला. काही नाही. दूरच्या टिटवीचा आवाज तेवढा येत होता. एक मिनिट, दोन, तीन. एका सदस्यानं आवाज पूर्ण वाढवला. तरी शांत. एप्रिलचं ऊन, पाच दिवस कोरडी माती आणि वीतभर रोपं हूं की चूं करत नव्हती. मॅडमनी आपले डूल तपासले आणि पुन्हा लावले. त्यांच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. मला जागेवर उड्या माराव्याशा वाटत होत्या, मी पायाचे अंगठे आवळून धरले.

मग त्यांनी डाव्या रांगेचा स्पीकर लावला.

तडतड! सगळे दचकले. मला ते रोजचं होतं, आत्यानं मात्र आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती आधी इकडेतिकडे पाहायला लागली.

“काय भाजतंय?”

“काही भाजत नाही, आत्या. ती बाजरी आहे. तहान लागली की असा आवाज करते.”

आत्या स्पीकरकडे बघत राहिली. मग रोपांकडे. मग खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे.

“आन तुमी बसून ऐकताय?”

कुणाला काही कळायच्या आत ती उठली, टेबलावरचा समितीसाठी ठेवलेला पाण्याचा जग उचलला आणि डाव्या रांगेत ओतला.

“आत्या!” मी किंचाळले. हसबनीस सर डोकं धरून मटकन खाली बसले. तुलनेची रांग! ती कोरडी राहिली नाही तर तुलना कसली? माझी नोकरी, तीन उन्हं, कलेक्टर, चाळीस गावं, सगळं त्या जगातून मातीत चाललं होतं. बारापैकी सातच मिनिटं झाली होती.

“आरडू नगं,” आत्या म्हणाली. “जित्राबाला तहान लागली की आदी पाजायचं, मग काय ती लिखापडी. इतकी वर्सं मला ऐकू येत न्हवतं. आता आलं ऐकू.” जग रिकामा झाला तेव्हा रांग अर्धीच भिजली होती. ती वळून थेट इनामदार मॅडमसमोर उभी राहिली. “बाई, तुमची बाटली द्या.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग उजव्या रांगेकडे, जी अजून गप्पच होती. मग तडतडणाऱ्या उरलेल्या रोपांकडे.

“सात मिनिटं पुरेत,” त्या म्हणाल्या. बाटलीचं झाकण उघडलं आणि खुर्चीवरून उठून स्वतःच ओणवं होऊन ओतायला लागल्या. ओतता ओतता मागे न पाहता सदस्यांना म्हणाल्या, “जूनसाठी होकार लिहा. चाळीसही गावं. आणि तणाची यंत्रं थांबवायचं पत्र आजच जाऊ दे. पद्धतीच्या पुढे या बाईंचं पूर्ण नाव घाला. तुमचं पूर्ण नाव काय, आजी?”

“बायडाबाई धुळा पुकळे. पन कलेक्टरचं बी घाला.”

मी पाण्यासाठी धावले. हसबनीस सर माझ्या पुढे धावले. केंद्राच्या हौदावरून आम्ही दोघं बादल्या आणत होतो, पायांवर सांडत होतो आणि वेड्यासारखे हसत होतो. मी रडतही होते. दोन वर्षं प्रकल्प मिळणार नव्हता आणि मला त्याचं त्या घडीला काडीचंही दुःख वाटत नव्हतं.

स्पीकर कुणी बंद केलाच नव्हता. तडतड विरळ होत गेली. मग एखादंच टक. मग बऱ्याच वेळानं आणखी एक.

आत्या स्पीकरला कान लावून उभी होती. तिनं मला हातानं थांब अशी खूण केली. मी बादली खाली ठेवली आणि वही काढली.

डावी रांग, मी लिहिलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. शांत.